गुळवेल खरीच होती

२०२१ चा पावसाळा. करोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. कर्जत तालुक्यातल्या आमच्या वॉर्डात पन्नाशीच्या एक शिक्षिका दाखल झाल्या. डोळे पिवळेधमक, काविळीत वाढणारं बिलिरुबिन ११, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या घरात, दोन्ही खूपच जास्त. ए, बी, सी, ई, काविळीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. दारूचा प्रश्नच नाही. थायरॉईडची गोळी तेवढी चालू, "बाकी औषध काही नाही हो," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग सहज बोलून गेल्या, "सकाळी गुळवेलीचा काढा असतो, पण ते काय औषध नव्हे."

यजमानांना वेल घेऊन यायला सांगितलं. "कडुलिंबावरचीच आहे," ते म्हणाले. चुकीची वेल असणार, हा माझा पहिला संशय. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेतच. शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन ठाकरवाडीतल्या एक आजी होत्या. त्यांनी कांडं हातात घेतलं, नखानं वरची कागदासारखी साल सोलली, आत हिरवंगार. मोडून पाहिलं, चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. तुकडा जिभेवर ठेवला.

"गुळवेलच हाय. किती दिस घेतली?"

"पाच महिने. रोज."

आजी बाईंकडे बघतच राहिल्या. "ताप आला का बोटभर कांडं ठेचायचं, काढा द्यायचा, तीन-चार दिस. ताप उतारला का बंद. बिनतापाचं कोन पितं?"

मला तिथंच उलगडा झाला. शहरानं वाडीतून वेल उचलली. कधी थांबायचं हे ज्ञान मात्र तिथंच राहिलं. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून तर लोक ती पीत होते. पण ज्यांच्या शरीरात ऑटोइम्यून आजाराचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा आजाराचं, बीज आहे, त्यांच्यात हीच चेतवलेली शक्ती यकृतावर उलटू शकते. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी असे सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं वेलीच्या ओळखीवरच शंका घेतली. पुढं देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात तपासलेली वेल गुळवेलच निघाली.

बाईंची मुंबईला बायोप्सी झाली, चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्तीनंच यकृताला आणलेल्या सुजेचं. काढा बंद, स्टिरॉइड सुरू. दिवाळीपर्यंत रिपोर्ट जागेवर आले.

हिस्टरी घेताना मी आता "औषधं कोणती?" एवढ्यावर थांबत नाही. "सकाळी उठल्यावर काय काय पिता, आणि कधीपासून?" हेही विचारते, आणि उत्तर केसपेपरवर औषधांच्याच रकान्यात लिहिते.