गॅस पुरेसा होता, सेन्सर लटकत होता

बटण मशरूमच्या खोलीतल्या एसीवर बर्फ धरला की बघायला येणारा प्रत्येक मेकॅनिक आधी एकच बोलतो, "गॅस कमी झालाय." मी हे तीनदा ऐकलं आणि दोनदा त्याचे पैसेही मोजले.

स्पॉन रनला, म्हणजे बीज कंपोस्टमध्ये पसरत असताना, खोली २४ अंशांवर होती, तोवर दीड टनाचा साधा, नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट एसी मुकाट चालला. केसिंगनंतर, म्हणजे कंपोस्टवर मातीचा थर दिल्यावर, रिमोट १६ वर लावला आणि चौथ्या दिवशी हवा यायची थांबली. झाकण उघडलं तर कॉइलच्या जागी पांढरी लादी.

अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरने बर्फ टोकरू नका. फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) वाकतात, नळीला भोक पडलं तर मात्र गॅस खरंच जातो. एसी फॅन मोडवर टाका, खाली बादली ठेवा आणि तीन-चार तास थांबा.

आता त्या गॅसबद्दल. मेकॅनिकने बर्फाने गच्च भरलेल्या कॉइलवरच गेज लावला. आर ३२ चा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, दाब ८५ पीएसआय. "बघा साहेब, कमी आहे." अहो, बर्फामुळे कॉइलमधून हवाच जात नाही. हवेची उष्णता मिळाली नाही की आतला गॅस नीट उकळत नाही आणि दाब पडतो. गॅस पुरेपूर असला तरी पडतो. शून्य अंशाला आर ३२ चा दाब साधारण १०३ पीएसआय असतो, म्हणजे ८५ चा अर्थ इतकाच की कॉइल शून्याखाली गेली आहे. ते तर डोळ्यांना दिसतच होतं! टॉप-अप मारेपर्यंत बर्फ वितळला, गार हवा आली, बिल झालं. तीन दिवसांनी परत लादी. दुसऱ्या टॉप-अपनंतर कॉम्प्रेसर जास्त अँपिअर खेचायला लागला, कारण गॅस आता जादा झाला होता. शेवटी सगळा काढून, एसीच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका काट्यावर तोलून भरावा लागला. वजनकाटा न आणणाऱ्याला गॅसला हात लावू देऊ नका.

दाब बघायचाच असेल तर बर्फ पूर्ण वितळवा, एसीच्या जाळ्या (फिल्टर) धुवा, खोली २४-२५ वर येऊ द्या, फॅन हायवर ठेवून वीस मिनिटं चालवा आणि मगच गेज लावा. गॅस खरंच कमी असेल तर बर्फ बहुधा कॉइलच्या एका टोकाला, गॅस आत शिरतो तिथे धरतो, आणि नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी तेलाचा डाग सापडतो. तिथे साबणाचा फेस लावून बघा. गॅस वापराने संपत नाही, गळतीनेच जातो. आमच्याकडे बर्फ संपूर्ण कॉइलवर सारखा आणि जाड नळीवरही होता. असं दिसलं की आधी हवेचा प्रवाह तपासायचा.

जाळीवर मशरूमच्या स्पोअर्सचा (बीजाणूंचा) तपकिरी थर होता. टोपी उघडेपर्यंत मशरूम ठेवली की हा त्रास होतोच. पण खरा घोटाळा जाळीमागे निघाला. कॉइलचा सेन्सर एका छोट्या तांब्याच्या नळकांडीत बसलेला असतो. कॉइल गोठायला आली की तो बोर्डाला कळवतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि फॅन चालू राहतो. हंगामाआधी कॉइल धुताना कोणीतरी तो बाहेर ओढला आणि तसाच लोंबकळत सोडला. खोली १६ च्या खाली जात नाही, त्यामुळे थर्मोस्टॅटही कट मारत नाही. मग थांबवणार कोण? सेन्सर परत नळकांडीत खोचला, टायने बांधला, आणि बर्फ धरायचा थांबला. सेन्सर खराब आहे का ते बर्फाच्या पाण्यात बुडवून मल्टिमीटरने कळतं. २५ अंशांच्या तुलनेत रेझिस्टन्स सुमारे तिप्पट व्हायला हवा.

मी वरून एसटीसी-१००० हा तापमान कंट्रोलरही लावला. प्रोब (त्याचा सेन्सर) फिन्समध्ये खोचलेला, सेटिंग १ अंश, फरक ५ (म्हणजे १ ला बंद, ६ ला चालू), डिले ३ मिनिटं. तो फक्त आउटडोअरची कॉम्प्रेसर लाइन तोडतो, फॅनची नाही. मध्ये कॉन्टॅक्टर (जड करंट झेलणारा स्विच) हवाच, कंट्रोलरची छोटी रिले कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका सोसत नाही. इन्व्हर्टर एसीवर हा उद्योग करू नका.

राहिलंच, ह्युमिडिफायरचं तोंड एसीकडे नको. बोअरचं जड पाणी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये घातलं की फिन्सवर पांढरी भुकटी बसते. मी आता आरओचं पाणी घालतो आणि जाळ्या दर चौथ्या दिवशी धुतो.