घर ते वर्कशॉप फायबर, भाग ३ : रॅक ठरला

चर खणून झाला, एचडीपीई पाइप पुरला, त्यातून ६ कोअरची (सहा फायबरची), आर्मर्ड (स्टीलचं कवच असलेली) सिंगल मोड केबल ओढून झाली. दोन्ही टोकं टेप गुंडाळून खिळ्याला टांगली आहेत. आता ती ज्या डब्यात, म्हणजे नेटवर्कच्या रॅकमध्ये, शिरणार त्याची निवड. या भागात तेवढंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घर आणि मागचं वर्कशॉप यांत साधारण ९० मीटर अंतर आहे. कॅट६ या तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे तांब्यातही भागलं असतं. पण आमच्या सातारा भागात वळवाच्या दिवसांत विजा काय करतात हे ज्यांनी एकदा स्विच बदललाय त्यांना सांगायला नको. फायबर काचेचं, काचेतून वीज जात नाही, म्हणून फायबर.

दुकानात रॅकचं बोलणं सुरू होतं ते ‘यू’पासूनच. बुधवार पेठेत एकाने तर आत काय बसणार हे विचारायच्या आधीच निकाल दिला, “साहेब, घराला ६यू म्हणजे पुष्कळ झाला.” ‘यू’चं गणित सोपं आहे. १यू म्हणजे ४४.४५ मि.मी. उंची. एलआययू (फायबर जिथे जोडून संपवतात तो पॅनल) १, केबल मॅनेजर १, स्विच १, तांब्याचा पॅच पॅनल १, पीडीयू (विजेच्या सॉकेटची पट्टी) १, राउटर आणि ओएनटी (ब्रॉडबँडवाल्यांचा फायबरचा डबा) यांच्या ट्रेला २. झाले ७, म्हणून ९यू. विषय संपला.

खरी मेख आहे रेल (उपकरणं जिला स्क्रूने बसतात ती उभी पट्टी) आणि दार यांच्यामधल्या जागेत. मी पाहिलेल्या कॅटलॉगांत उंची, रुंदी, खोली छापलेली होती, ही जागा कुठेच नव्हती. मग टेप काढली आणि दुकानातच एलसी कनेक्टरची पॅच कॉर्ड (फायबरची छोटी जोडवायर) पॅनलच्या ॲडॉप्टरमध्ये खोचून मोजलं. बूट (कनेक्टरमागची रबरी शेपटी) धरून साधारण ५ सें.मी. बाहेर येते, आणि वळण त्याच्या पुढे सुरू होतं. जी.६५२.डी या नेहमीच्या सिंगल मोड फायबरसाठी मी वळणाची त्रिज्या ३० मि.मी.च्या खाली जाऊ देत नाही. म्हणजे पॅनलच्या तोंडापासून दाराच्या काचेपर्यंत निदान ८ सें.मी. मोकळे हवेत. मी बघितलेल्या बहुतेक वॉल माउंट रॅकांत चार-पाच सें.मी.वरच रेल पक्की ठोकलेली. दार लावलं की काच थेट बुटावर टेकणार.

जास्त वाकणाऱ्या जी.६५७.ए१ फायबरच्या कॉर्ड घेतल्या तर त्रिज्या १० मि.मी.पर्यंत चालते, पण बुटाची लांबी तेवढीच राहते. शिवाय फायबर आवळलेलं लगेच कळतही नाही. वळणामुळे होणारा लॉस (प्रकाशाची गळती) १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला कमी आणि १५५०ला जास्त असतो. त्यामुळे स्विचमध्ये १३१०चं एलआर मॉड्यूल (फायबरमध्ये प्रकाश सोडणारा भाग) लावलं की लिंक झकास वर येते आणि आपण दार लावून मोकळे होतो. पुढे कधी १५५० वापरणारं बायडी (एकाच फायबरवर दोन्ही दिशांना चालणारं) मॉड्यूल टाकलं की शोधत बसा.

म्हणून घेतला तो ९यू, ६०० मि.मी. रुंद, ५०० मि.मी. खोल, दोन्ही बाजूंची पॅनलं निघणारा आणि मुख्य म्हणजे रेल मागेपुढे सरकणारी. रेल १० सें.मी. आत ढकलली तरी एलआययूच्या मागे हात जाईल एवढी जागा उरते. ६०० रुंदीचाही फायदा आहे: रेलच्या दोन्ही बाजूंना कॉर्ड उभ्या उतरवायला पट्टा मिळतो. ५५०मध्ये तो फारच चिंचोळा वाटला.

डबल सेक्शन रॅकचा मोह बराच वेळ होता. पुढचा भाग दारासारखा उघडतो, मागून काम करायला सोपं. पण आर्मर्ड केबल बिजागरीपाशी रोज वाकायला तयार नसते. माझी केबल ९ मि.मी. जाडीची. बसवल्यानंतर व्यासाच्या १० पट, म्हणजे ९ सें.मी. त्रिज्या धरायची, ओढताना त्याच्या दुप्पट. एवढं वळण त्या रॅकच्या मागच्या भागात बसत नाही. त्यापेक्षा एलआययूच सरकत्या ट्रेचा घेतला. ट्रे पुढे ओढला की स्प्लाइस (फायबरचे वितळवून केलेले सांधे) हाताशी येतात, फक्त मागे लूज ट्यूबचा (केबलमधली फायबर असलेली प्लास्टिकची नळी) एक सैल वेढा ठेवावा लागतो. फिक्स्ड ट्रेवाला स्वस्त मिळतो, पण दर वेळी चारही केज नटचे स्क्रू काढायचे कोणी?

केबल आर्मर्ड घेतली ती घुशींमुळे. पण काच वीज वाहत नसली तरी स्टीलचं आर्मर वाहतं, म्हणजे विजेचा प्रश्न मागच्या दाराने परत घरात. म्हणून घराच्या टोकाला आर्मर रॅकच्या बाहेरच, भिंतीवरच्या एंट्री बॉक्समध्ये सोलून अर्थिंगला जोडणार. रॅकमध्ये जातील फक्त ट्यूब. वर्कशॉपच्या टोकाला आर्मर आखूड कापून सुटं ठेवायचं, आणि तिथला डबा मुद्दाम प्लास्टिकचा, भिंतीवरचा लहान टर्मिनेशन बॉक्स. तिथे रॅक नकोच. लाकडाच्या भुशात पंख्याचा रॅक म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरच. सिंगल मोड फायबरमधला प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा, भुशाचा एक कण त्याला पुरतो.

घरच्या रॅकचे पंखेही तूर्त बंद. स्विच फॅनलेस आहे. पंख्याच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी लावली, कारण कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. केबलसाठीच्या भोकाला (नॉकआउट) आवळणारी ग्लँड, पालीला वाट नाही.

एलआययूचे ॲडॉप्टर निळे, एलसी यूपीसी (सरळ टोकाचे) डुप्लेक्स. ब्रॉडबँडवाल्यांची हिरव्या एससी एपीसी कनेक्टरची कॉर्ड या पॅनलवर घेणार नाही, ती थेट ओएनटीला. एपीसीचं टोक ८ अंशांत तासलेलं असतं, ते यूपीसीला भिडवायचं नसतं.

निळा आणि नारिंगी कोअर चालू लिंकला. हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा हे पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) जोडून कॅप लावून ठेवायचे. स्प्लायसिंगवाल्याचं मशीन एकदा घरी आलंय तर सहाही करून घ्यायचे, नंतर दोन कोअरसाठी तो पुन्हा यायचा नाही.

रॅक भिंतीवर चढलाय, अर्थिंगची पट्टी ओढायची राहिलीय. पुढच्या भागात पॉवर मीटरचे आकडे, १३१० आणि १५५० दोन्हींचे, दार उघडं असताना आणि लावल्यावर.