जिन्नी आणि त्याची वावटळ

खानदेशात डन्जन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) मोहीम रचणाऱ्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला, जिन्न आणण्यासाठी दूर जावं लागत नाही. १६०१ पर्यंत इथे फारुकी सुलतान होते आणि त्यांची पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर. तिथल्या पडक्या बुरुजाखाली तोंड बंद केलेली पितळी सुरई सापडली, की खेळ सुरू.

डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांत वाऱ्याचा जिन्नी, आगीचा इफ्रीती, पाण्याचा मारिद आणि मातीचा दाओ, चौघांचंही चॅलेंज रेटिंग, म्हणजे लढतीतल्या अवघडपणाचा आकडा, ११. म्हणून ते सारखेच चिवट आहेत असं समजू नका. मारिदचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची क्षमता, २२९, जिन्नीचे फक्त १६१. जिन्नीने समोर उभं राहून मार खाल्ला, तर दोन-तीन फेऱ्यांत खेळ खलास. त्याचा उडण्याचा वेग ९० फूट आहे, तो वापरा.

खरी गडबड होते ती वावटळीत. मे महिन्यात नांगरलेल्या काळ्या रानात उठते तशीच ही: ५ फूट त्रिज्या, ३० फूट उंची, १२० फुटांच्या आत कुठेही. तिच्यात सापडलेल्याचा ताकदीचा १८ चा सेव्ह (वीस बाजूंचा फासा टाकून बचाव) हुकला, की तो जखडला. सुटायला १८ चीच चेक (पुन्हा तसाच फासा), तीही आपली अॅक्शन, म्हणजे त्या फेरीतली मुख्य कृती, घालवून. मग डीएम दर फेरीला वावटळ ६० फूट सरकवत बसतो, आणि त्यात जिन्नीची अॅक्शन जाते, म्हणजे तलवारीचे तिन्ही वार बुडाले. त्यापेक्षा एकदाच सरकवा, खेळाडूंच्या गटातल्या वैद्याला, म्हणजे क्लेरिकला, बाजूला न्या आणि बाकीच्यांवर तुटून पडा.

वावटळीला एकाग्रता लागते, आणि मार बसला की ती टिकवायला सेव्ह करावा लागतो. जिन्नीला त्या सेव्हवर +६ मिळतात. एका फटक्यात ३० नुकसान झालं तर लक्ष्य त्याच्या निम्मं, १५, म्हणजे फाशावर किमान ९ हवेत. शिवाय वावटळ त्याच्या नजरेआड गेली की विरते. हुशार खेळाडू मध्ये धुकं सोडतात. सोडू द्या, तेवढं त्यांनी कमावलंय.

इच्छा? त्या साध्या जिन्नीकडे नसतातच. सरदार-उमराव दर्जाचाच जिन्न एक ते तीन देऊ शकतो, मग साधारण वर्षभर थांबा. पहिल्याच सत्रात खेळाडूंना हे स्पष्ट सांगा, नाहीतर सुरई घासण्यातच संध्याकाळ जाते.

आणि मेलेल्या जिन्नीचं प्रेत मिळत नाही. कोमट झुळूक होऊन जातो, मागे उरतं फक्त सामान. तेव्हा तळघराची किल्ली त्याच्या पोटात लपवू नका, कमरेला लावा.