आमची वाटचाल : चढ्या पट्टीची बावीस वाद्यं

आमच्या पितळी फुंकवाद्यांच्या धंद्यात नवी वाद्यं विकणारा तो व्यापारी आणि जुनी उभी करणारा तो भंगारवाला. ही पदवी आम्हाला शाळाशाळांतून बहाल करत फिरणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे येतोच.

सुरुवात दोघांची. झाळकाम आणि पोचे माझ्याकडे, व्हॉल्व्ह, म्हणजे बोटानं दाबायच्या झडपा, भागीदाराकडे. जुनं कॉर्नेट (ट्रंपेटसारखं छोटं वाद्य) हातात आलं की तो पिस्टन (झडपेतला दट्ट्या) न दाबता स्लाइड, म्हणजे त्याची सरकती नळी, ओढून काढायचा. 'टप्' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतोय. नाही आला तर मालकाला चहा न विचारता परत पाठवायचं, असा त्याचा नियम. मी आधी माउथपीसपुढची नळी बघतो. तिच्यावर गुलाबी ठिपके असतील तर पितळातलं जस्त आतून गेलेलं असतं, उरतं ते पोकळ तांबं. त्यावर कितीही चकाकी चढवा, नळी बदलावीच लागते.

पहिली मोठी ऑर्डर बँडच्या एका मास्तरांची. त्यांच्यासाठी आम्ही एका जुन्या बँडचा सगळा संच एकगठ्ठा उचलला : बावीस वाद्यं, व्हॉल्व्ह घट्ट, पोचे किरकोळ. दोन महिने खपून उभी केली. आठवड्यात मास्तरांचा निरोप आला, "मुलं एकटी वाजवतात तेव्हा गोड लागतं. क्लॅरिनेट आली की अंगावर काटा येतो. या बघू."

गेलो, ऐकलं आणि पोटात गोळा आला. संच जुन्या चढ्या पट्टीचा होता. ब्रिटनमधले ब्रास बँड 1960 च्या दशकापर्यंत 'ए' स्वर 452 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास लावत. बाकी जग 440 वर. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा, म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्मा. कॉर्नेटची स्लाइड ओढून कसंबसं भागतं, पण वाद्य तापलं की सूर आणखी चढतो आणि ओढायला नळी उरत नाही. युफोनियमची (मोठं, खालच्या सुराचं वाद्य) नळी पावणेतीन मीटर. तिला साडेसात सेंटिमीटर जास्त हवेत, म्हणजे स्लाइडच्या दोन्ही पायांना पावणेचार-पावणेचार. शिवाय व्हॉल्व्हच्या नळ्याही त्याच प्रमाणात वाढायला हव्यात, नाहीतर मोकळा सूर जुळतो आणि बोट ठेवलं की बिघडतो.

आम्ही ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) न लावताच माल घेतला होता. चूक आमचीच. पण त्या गृहस्थांनी ती महिनाभर घरोघर वाटली. तीन शाळांनी ऑर्डरी फिरवल्या. भागीदार म्हणाला, "तू सांभाळ, मला झेपत नाही," आणि गेला. जाताना स्वतःचं व्हॉल्व्ह घासायचं लाकडी दांडकं मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेला. ते मी अजून वापरतो.

मास्तरांनी पैसे परत मागितले नाहीत. म्हणाले, "एक एक करून दे, मुलं थांबतील." मग मी नळ्या कापल्या, लांब पाय झाळले, प्रत्येक स्वर क्लॅरिनेटशी लावून पाहिला. बावीसावं वाद्य दिलं तेव्हा त्या वर्षीची पहिली तुकडी शाळा सोडून गेलेली होती.

पुढची बारा वर्षं काम येत राहिलं.

नवीन मुलांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. माउथपीस अडकलं तर पकडीनं पिळू नका, पुलर (ते ओढून काढायचं साधन) वापरा. पिस्टन एकमेकांत बदलू नका, त्यांच्यावरचे आकडे बघा. आणि बफिंगचा, म्हणजे फिरत्या चाकावर चकाकी चढवायचा, मोह आवरा. चाक ओरखड्याबरोबर पितळही खातं.

मागच्या वर्षी एक कॉर्नेट दुरुस्तीला आलं. आरशासारखं, पण कर्ण्याचा पत्रा अंगठ्यानं दबत होता. व्हॉल्व्हवर दाट लेप, आत झीज तशीच. पॉलिशची ती तऱ्हा आम्हाला भंगारवाला म्हणणाऱ्या त्या गृहस्थांची, मी लांबून ओळखतो. त्यांचं नाव शाळेला सांगितलं नाही. बिल मात्र पूर्ण लावलं.