वाचनालयाच्या संगणकावरचा टेलिग्राम

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात संगणक एकच, आणि तो वापरणारे बरेच. ग्रंथपाल बाई, सचिव, संध्याकाळी काउंटरवर बसणारा कॉलेजचा मुलगा, आणि जत्रेचं नाटक जवळ आलं की नाट्यमंडळाची निम्मी माणसं. वाचनालयाच्या नावाने टेलिग्रामचं खातं काढलं, संगणकावर त्याचं डेस्कटॉप अ‍ॅप बसवलं आणि ‘सेटिंग्ज काय त्या तू बघ’ असं सांगून काम माझ्याकडे आलं. ह्या मंडळींपैकी कोणीही स्वतःहून सेटिंग्ज उघडणार नाही हे मला माहीत होतं. सुरुवातीला जे ठेवीन तेच वर्षानुवर्षं चालणार, म्हणून मी ते काम घाईत उरकलं नाही.

सगळ्यात जास्त विचार लागला तो एंटरच्या बटणाला. मूळ सेटिंगमध्ये एंटर दाबला की मेसेज जातो. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटणार नाही. आमचे सचिव मात्र विंडोजच्या फोनेटिक कीबोर्डवर मराठी लिहितात. हा कीबोर्ड २०१९ पासून विंडोजसोबतच मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. रोमन अक्षरं टाइप करायची, खाली शब्दांचे पर्याय येतात, त्यातला हवा तो निवडायचा. निवडायला त्यांचं बोट सवयीने एंटरवर जातं. पहिल्या एंटरला शब्द बसतो, बोट दुसऱ्यांदा पडलं की अर्धं वाक्य ग्रुपवर. एकदा ‘आजची तालीम’ एवढंच गेलं, आणि ‘रद्द, पुढची रविवारी’ हे मागाहून. वाळपईहून येणारा आमचा एक नट पहिला तुकडा वाचूनच निघाला होता. चॅट सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोल-एंटरने पाठवा’ हा पर्याय आहे, तो लावला. आता साध्या एंटरने नवी ओळ येते. सूचना, पुस्तकांच्या याद्या, तालमीचं वेळापत्रक, सगळं ओळीओळीनं नीट लिहून होतं आणि मगच जातं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, शिकलेल्याला शब्द निवडण्याची भानगड नसते, तरी लांब मजकूर लिहिणाऱ्या कुणालाही हाच पर्याय सोयीचा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या सूचनांची. आमचा मॉनिटर असा ठेवलाय की पुस्तक बदलायला आलेल्यालाही तो दिसतो. एका सभासदाने बाईंना खाजगीत कळवलं होतं की घरी आजारपण आहे, पुस्तक परत द्यायला उशीर होईल. तो अख्खा मजकूर कोपऱ्यात झळकला तेव्हा समोर दोघे उभे होते. माणूस विश्वासाने लिहितो, त्याचं घरचं दुखणं असं काउंटरवर मांडलं जाणं मला फार लागलं. टेलिग्राममध्ये सूचनेतलं पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर हे दोन्ही बंद करता येतात. मी दोन्ही बंद केले. मेसेज आलाय एवढंच कळतं, ते पुरतं. आवाजही बंद, वाचनालय आहे शेवटी. ‘अमुक जण टेलिग्रामवर आले’ ही सूचनाही काढून टाकली, तिचा इथे कुणाला उपयोग नाही.

मग पासकोड. लोकल पासकोड त्या संगणकापुरता असतो आणि तो टाकल्याशिवाय चॅट उघडत नाहीत. सोबत ऑटो-लॉकची वेळ ठरवता येते, मी पाच मिनिटं ठेवली. इथे दोन सेटिंग्ज एकमेकींना आडव्या आल्या. संगणक सुरू झाला की अ‍ॅप आपोआप सुरू व्हावं आणि खाली घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये गुपचूप बसावं असं सचिवांचं म्हणणं होतं. पण पासकोड लावला की अ‍ॅप लपून सुरू होत नाही, आधी पासकोड मागतं. ‘रोज सकाळी बाईंना हा त्रास कशाला?’ असं त्यांनी विचारलं. बाईच म्हणाल्या, ‘राहू दे हो, कुलूप उघडतेच की मी सकाळी, हेही उघडीन.’ विषय मिटला. उठताना कंट्रोल आणि एल दाबलं तर अ‍ॅप तिथल्या तिथे लॉक होतं, हे मॉनिटरखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय. पासकोड विसरलाच तर लॉगआउट करून फोनवरच्या कोडने आणि खात्याच्या पासवर्डने परत शिरता येतं. चॅट टेलिग्रामच्या सर्व्हरवर असतात, ते जात नाहीत.

डाउनलोडचं फार लांबवत नाही. पावसात इथे ब्रॉडबँड कधी जाईल याचा नेम नसतो, मग बाईंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. टेलिग्रामच्या मोफत खात्यावर २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते आणि तालमींचे व्हिडिओ पाठवणाऱ्यांना हात आखडता घेणं ठाऊक नाही. चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीच्या, फोटोंचा पूर येतो तो वेगळा. खाजगी चॅट, ग्रुप आणि चॅनल यांच्यासाठी आपोआप डाउनलोडचे नियम वेगवेगळे लावता येतात. फोटो पहिल्या दोन ठिकाणी चालू ठेवले, चॅनलना काहीच नाही, व्हिडिओ कुठेच नाही. आणि प्रत्येक फाइल कुठे ठेवायची हे विचारायला लावलं, कारण दुसऱ्या अंकाच्या संहितेच्या तीन प्रती एकाच फोल्डरमध्ये पडल्या की कोणती शेवटची हे दिग्दर्शकालाही सांगता येत नाही.

एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एंटर, सूचनांचा मजकूर आणि आवाज, पासकोड, डाउनलोड हे त्या संगणकापुरतं. ग्रुपमध्ये आपल्याला कोण घालू शकतो, फोन नंबर कोणाला दिसतो, हे मात्र खात्याला लागू होतं, फोनवरही तेच चालतं. ग्रुपमध्ये घालण्याची मुभा मुळात सगळ्यांना असते, ती फक्त ओळखीच्या नंबरांपुरती केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही लावलं, म्हणजे नव्याने शिरताना कोडसोबत पासवर्डही लागतो, आणि तो पासवर्ड कार्यकारिणीच्या पाकिटात सीलबंद ठेवला.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाचनालयाने हीच यादी मागून घेतली. तिथे संगणकावर एकच माणूस बसतो, खोलीला कुलूप असतं, म्हणून त्यांनी पासकोड लावला नाही आणि अ‍ॅप ट्रेमध्ये सुरू होऊ दिलं. त्यांच्या जागेला ते ठीकच आहे. सूचनेतला मजकूर तेवढा बंद ठेवा, एवढा आग्रह मी धरला, आणि त्यांनी तो मानला.