डॉनकॅस्टर: कोचवान चित्रकाराचं गाव

लंडनहून रेल्वेनं निघालं की दोन तासांच्या आत डॉनकॅस्टर येतं. स्टेशनातून मी आधी हाय स्ट्रीट गाठला. लंडनहून यॉर्क, एडिंबरोकडे जाणारा जुना ग्रेट नॉर्थ रोड इथूनच जायचा. मला त्यावरून चालायचं होतं, कारण घोड्यांचा चित्रकार जॉन फ्रेडरिक हेरिंग याच वाटेवर घडला.

जन्म लंडनचा, १७९५चा. १८१४मध्ये तो इथे आला, तेव्हा सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत होती आणि ‘विल्यम’ नावाचा घोडा जिंकला होता. आधी त्यानं सरायांच्या पाट्या आणि गाड्यांवरची चिन्हं रंगवली, मग स्वतःच कोचवान झाला. लंडन-यॉर्क मार्गावरची ‘हायफ्लायर’ ही घोडागाडीही त्यानं हाकली. गाडी सुटली की लगाम, थांबली की कुंचला! घोडा कधी दमतो, कधी बिथरतो, कान कसे मागे टाकतो, हे वर्षानुवर्षं गाडीवर बसून पाहिलेला माणूस तो. चित्रकला बरीचशी आपली आपणच शिकला.

पुढे मी शहराबाहेरच्या टाउन मूर मैदानावर गेले. १७७६पासूनची सेंट लेजर आजही इथे होते, तीन वर्षांच्या घोड्यांची, पावणेदोन मैलांहून थोडी जास्त. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या इंडियन सेंट लेजरचं नाव इथलंच. हेरिंगनं तिचे विजेते घोडे वर्षामागून वर्षं रंगवले. १८३०चा विजेता ‘बर्मिंगहॅम’, त्याच्यावर स्वार झालेला पॅट्रिक कॉनोली आणि शेजारी मालक जॉन बिअर्ड्सवर्थ, हे चित्र आता लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

त्याचे धावते घोडे मला तितके पटत नाहीत. चारही पाय ताणून ते हवेत तरंगतात. तेव्हा सगळेच तसं काढत. दौडता घोडा हवेत असताना पाय पोटाखाली घेतो, हे छायाचित्रकार मायब्रिजच्या छायाचित्रांनी १८७८मध्ये दाखवलं. हेरिंग १८६५मध्येच गेला होता. पण उभा घोडा, तबेल्यात वैरण खाणारा घोडा त्यानं काढावा! पुढे व्हिक्टोरिया राणी आणि तिची आई डचेस ऑफ केंट यांच्यासाठी त्यानं कामं केली, तरी माझा जीव ‘फ्रूगल मील’सारख्या चित्रांतल्या वैरण खाणाऱ्या जनावरांवरच जडला. शर्यतीच्या घोड्याइतकंच प्रेम त्यानं त्यांच्यावर केलंय.

इथे यायचं तर सप्टेंबरात, सेंट लेजरच्या दिवसांतच या. आणि लंडनला असाल तेव्हा टेटमध्ये हेरिंग मांडलाय का, तेही विचारा.