काचेला आभाळ दिसत नव्हतं

बोर्न अँड शेफर्ड या इंग्रजांच्या काळातल्या फोटो स्टुडिओच्या बहुतेक जुन्या प्रिंटांवर खालच्या कडेला बारीक अक्षरांत एक नंबर असतो, बऱ्याचदा शेजारी बोर्नची सहीसुद्धा. हा नंबर प्रिंटवर नंतर घातलेला नाही. तो काचेच्या निगेटिव्हवरच लिहिलेला आहे, म्हणून त्या काचेवरून निघालेल्या प्रत्येक कागदावर तो उमटतो. हे फोटो बघताना लोक हिमालय बघतात, मी आधी नंबर बघते. अमळनेरात आमचा स्टुडिओ आहे, आजोबांपासूनचा. आजोबांच्या वहीत गाव, नाव, तारीख आणि निगेटिव्हचा नंबर अशा चार रकान्यांत सगळा धंदा मावलेला आहे. अजूनही मारवडहून, डांगरीहून कुणी येतं आणि काउंटरवर विचारतं, "ताई, मन्हा आजाना फोटू सापडी का?" नंबर लागला तर सापडतो.

त्यामुळे बोर्नच्या सहीशेजारचा आकडा मला लगेच ओळखीचा वाटला. तो मागणीसाठी आहे. या स्टुडिओचे कॅटलॉग छापलेले असत. गिऱ्हाइकाने नंबर कळवायचा, स्टुडिओने काच कपाटातून काढून प्रिंट करून पाठवायची. सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून. नोकरी सोडून १८६३ साली तो हिंदुस्थानात आला, शिमल्यात जम बसवला आणि १८७० च्या सुमाराला परतसुद्धा गेला. सात-आठ वर्षांचा मुक्काम! पण त्याच्या काचा इथेच राहिल्या, आणि त्यांच्यावरून पुढे कित्येक दशकं प्रिंटा निघत राहिल्या. शिमला, कलकत्ता, मुंबई अशा शाखा होत्या. माणूस गेला तरी नंबर चालू राहिला. स्टुडिओ म्हणजे मुळात निगेटिव्हचं कपाट, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या काचा तयार कशा व्हायच्या, हे एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वेट प्लेट म्हणजे ओली काच. कापसावर तेजाबाची प्रक्रिया करून गनकॉटन करायचं, ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचं. हे झालं कलोडियन. त्यात आयोडाइड मिसळून ते स्वच्छ काचेवर ओतायचं आणि काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून सारखं पसरवायचं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काच बुडवायची. बाहेर काढली की ती ओली असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि ओली असेपर्यंतच डेव्हलप करायची. म्हणजे हातात काही मिनिटं. म्हणून डार्करूम बरोबर न्यावी लागे. बोर्न बारा बाय दहा इंचांच्या काचा वापरायचा. प्रिंट मोठा करून काढणारा एन्लार्जर नव्हता, जेवढा प्रिंट हवा तेवढीच काच. १८६३ च्या हिमालयातल्या पहिल्या मोठ्या सफरीत तीसेक हमाल काचा, बाटल्या आणि तंबू वाहत होते. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास, फोटो काढले. त्या थंडीत बोटांनी काच धरून तिच्यावर कलोडियन एकसारखं ओतणं काय असेल, ते ज्याने अंधारात ओल्या निगेटिव्ह हाताळल्या आहेत त्याला कळेल.

आता हाच माणूस मे महिन्यात भुसावळला उतरला असता तर? ईथर पस्तीस अंशाच्या आतबाहेर उकळायला लागतं. आमच्याकडे दुपारी पारा चव्वेचाळीस, पंचेचाळीस. बाटलीचं बूच काढलं की निम्मं ईथर हवेत जाणार, काच कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आत सुकणार, आणि वर धूळ. म्हणजे इथे काम करायचं तर हिवाळ्यात, सकाळी. तेही जमण्यासारखं होतं. रेल्वे होती. १८७० पर्यंत मुंबईहून भुसावळ, खंडवामार्गे जबलपूर आणि पुढे कलकत्त्यापर्यंत गाड्या धावू लागल्या होत्या. सगळे बडे फोटोग्राफर, त्यांची गिऱ्हाइकं, अल्बम घेऊन विलायतेला निघालेले साहेब या वाटेने जाऊ लागले. मग खानदेशचा व्ह्यू, म्हणजे विकायला काढलेला निसर्गाचा फोटो, कुठे आहे? मी चाळलेल्या अल्बमांत काश्मीर आहे, नैनिताल आहे, निलगिरी आहे, सह्याद्रीचे घाट आहेत, कार्ले आणि वेरूळ आहे. नाशिकनंतर पान उलटलं की एकदम पुढचा मुलूख येतो.

याचं पहिलं उत्तर बाजारात आहे. व्ह्यू विकत घेणारा साहेब ज्या निसर्गचित्रांवर वाढला होता त्यांत डोंगर, झाड, पाणी, मधे एखादा पूल आणि कोपऱ्यात छोटा माणूस अशी मांडणी असायची. बोर्न तीच मांडणी शोधत डोंगरात फिरला. सपाट काळ्या रानाला गिऱ्हाईक नव्हतं. हे उत्तर बरोबर आहे, पण माझं त्याने समाधान झालं नाही, कारण दुसरं उत्तर काचेतच आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्या कलोडियनला फक्त निळा आणि जांभळा उजेड कळायचा. लाल, पिवळा, हिरवा जवळजवळ नाही. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत झाडं काळपट दिसतात आणि आभाळ कोरं पांढरं. निळं आभाळ काचेवर इतकं जास्त उमटायचं की ढग त्यात बुडून जायचे. काही फोटोग्राफर ढगांची वेगळी काच ठेवायचे आणि प्रिंट करताना वरच्या भागात ते ढग जोडायचे. डोंगराच्या फोटोत हे खपून जातं. शिखराची कडा कोऱ्या कागदावर उलट जास्त उठून दिसते. घाटात, गुहेत, देवळाच्या शिखरापाशी आभाळाचा तुकडाच लहान. पण आमच्याकडे? चोपड्याच्या रस्त्याला उभं राहा, उत्तरेला सातपुडा म्हणजे निळसर एक रेघ, खाली केळी किंवा कपाशी, आणि वरचा सगळा भाग आभाळाचा. आषाढात तर बघण्यासारखं जे काही असतं ते वरच असतं. खानदेशचं निम्मं चित्र आभाळात आहे, आणि त्या काचेला आभाळच दिसत नव्हतं.

हे मी करून बघितलं. आमच्या तालुक्यात कपिलेश्वरला पांझरा तापीला मिळते. तिथे हिवाळ्यात सकाळी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर लाल आणि हिरवा चॅनल काढून टाकून फक्त निळा ठेवला. वेट प्लेटला जे दिसलं असतं त्याच्या हे बऱ्यापैकी जवळ जातं. आभाळ गेलं. सकाळचे पिंजलेले ढग होते, तेही गेले. पलीकडच्या काठावरची हिरवी पट्टी काळी झाली, काठावरच्या बाईचं लाल लुगडं काळं झालं. कागदाचा वरचा निम्मा भाग रिकामा, खालचा काळपट, मधे नदीचा पांढरा पट्टा. मंदिर तेवढं नीट आलं, कारण दगडाला आकार आहे, सावली आहे. असा फोटो कॅटलॉगमध्ये घातला असता तर तो कुणीच मागवला नसता. मी स्टुडिओवाली आहे, मीही घातला नसता.

दगड नीट येतो, हे लक्षात घेतलं की दीनदयाळांचं काम वेगळं दिसायला लागतं. लाला दीनदयाळ १८४४ चे, सरधन्याचे. रुडकीला शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली आणि तिथेच फोटोग्राफीला लागले. इंदूर म्हणजे आमच्यापासून सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली की आलंच. इंदूरचे साहेब सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे १८८२ मध्ये ते सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत फिरले. त्यांच्या व्ह्यूमध्ये किल्ले, महाल, मशिदी, घाट, तलाव असतात, आणि कोन इतका नेमका की इमारतीची एकही रेघ वाकत नाही. इंजिनिअरिंग शिकलेला डोळा आहे तो. कोरं आभाळ त्यांनी इमारतीमागचा पडदा म्हणून वापरलं, असं मला वाटतं. नंतर ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, सिकंदराबादला आणि १८९६ मध्ये मुंबईला त्यांचा स्टुडिओ निघाला. १८९२ मध्ये त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या बाईंकडे सोपवला. माझ्या आईने आमच्या डार्करूममध्ये उभी हयात काढली, पण पाटीवर तिचं नाव कधी आलं नाही. म्हणून या बाईंचं नाव मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

आमच्या सर्वांत जवळ येऊन राहिलेला माणूस मात्र स्टुडिओवाला नव्हता. मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला कंपनीने त्याला नेमलं आणि तो तिथलाच झाला. त्याने वर्षानुवर्षं रंगवलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. तोवर तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि १८६४ मध्ये त्याचे स्टिरिओ फोटो, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं, पुस्तकांतून प्रसिद्ध झाले होते. अजिंठा निजामाच्या मुलखात असला तरी लेण्यांखालून वाहणारी वाघूर खाली उतरून आमच्याच तापीला मिळते. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. इतके फोटोग्राफर जंक्शनवरून पुढे निघून गेले, तिथे हा एकटा थांबला, हे माझ्या मनातून जात नाही.

बोर्नचा एक धागा मात्र खानदेशापर्यंत येतो, आणि तो कापसाचा आहे. तो शिमल्यात काचा धूत होता त्या वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. गाड्याच्या गाड्या मुंबईकडे निघाल्या. बोर्न नॉटिंगहॅमला परतला आणि त्याने मेहुण्याबरोबर धंदा काढला तो सुताचा, कॉटन डबलिंगचा. मोठे व्ह्यू मागे पडले, पुढे तो जलरंगात चित्रं काढायचा. १९१२ मध्ये वारला.

आभाळ कागदावर यायला पुढची काच यावी लागली. १८८० च्या सुमाराला कारखान्यात तयार होणाऱ्या ड्राय प्लेट, म्हणजे कोरड्या काचा, आल्या, त्यानंतर इतर रंग ओळखणारी इमल्शन, म्हणजे काचेवरचे उजेड टिपणारे लेप, आली, आणि लेन्सवर पिवळा फिल्टर लावला की ढग उमटायला लागले. आजोबांचा पिवळा फिल्टर अजून आमच्याकडे आहे. त्यांनी त्याने बोरी नदीचा पूर काढला, वैशाखातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेतला रथ काढला, आणि रथामागे ढग आहेत! आमच्या वहीत त्या काचांना गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसता नंबर आहे. कुणी मागवलं नव्हतं, तरी काढलं आणि नंबर दिला. चाळीसगावला केकी मूस यांनी तर घरातच टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड टाकून निसर्गदृश्यं उभी केली. लंडनला शिकून आलेला माणूस आगगाडीच्या स्टेशनाजवळच्या एका बंगल्यात हे करत बसला होता. त्यांचा बंगला आता संग्रहालय आहे. खानदेशात राहून ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

कपाटं राहतात तोवर ठीक असतं. दीनदयाळांच्या २८५७ काचा दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या, त्या वाचल्या. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डच्या इमारतीला १९९१ मध्ये आग लागली आणि तिथला फार मोठा संग्रह गेला. २०१६ मध्ये स्टुडिओ बंद झाला. आणि आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंच्या काचा? वडील सांगायचे, इमल्शन खरवडून त्या काचा फ्रेमवाल्यांना विकल्या जात. आमच्या गल्लीत एका खिडकीला तशी काच होती. पाऊस पडून गेला की कोपऱ्यात पुसट फेटा दिसायचा.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी आहे त्यांच्यासाठी लिहिते. काच पाण्याने धुऊ नका, ओल्या फडक्यानेही पुसू नका. एक बाजू चकचकीत असेल, एक मंद. मंद बाजूला चित्र आहे, तिला बोट लावू नका. दोन काचा चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका, तशाच ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या काचा वजनाने फुटतात, त्यामुळे उभ्या ठेवा, प्रत्येक काच वेगळ्या साध्या कागदात. वर्तमानपत्राचा कागद नको. पेटीवर काही लिहिलेलं असेल, आत चिठ्ठी असेल, वही असेल तर तिचाही फोटो काढून ठेवा, कारण नाव आणि गाव तिथेच सापडतं. काचेचा फोटो घ्यायचा तर मोबाईलवर किंवा टॅबवर कोरा पांढरा पडदा लावा, त्याच्या थोडं वर काच धरा आणि दुसऱ्या मोबाईलने टिपा. मग रंग उलटे करा, चित्र दिसेल. अमळनेरच्या आसपास कुणाला हे जमत नसेल तर काचा घेऊन स्टुडिओत या. दुपारी दोन ते चार आम्ही बंद असतो, बाकी वेळ मी काउंटरवरच आहे. पैसे घेणार नाही. फक्त आमच्या वहीत त्या काचांना नंबर देऊ द्या.